दहा मिनिटं

गॅरेजच्या दारात गाडी धडधडायला लागली तशी तिने घाईने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

“बघितलंत ना, दस्तगीरभाई? मंगळवारी घाटात ऐन वळणावर बंद पडली तेव्हा मागून ट्रक येत होता, आणि हा असाच झोपलेला.” बाळ मागच्या सीटवर गाढ झोपलं होतं. दुपारी त्याला डॉक्टरांकडे न्यायचं, म्हणजे तोच घाट उतरायचा होता.

म्हणूनच मेकॅनिक दस्तगीरभाईंनी कालच इंजिनाचा कॉम्प्युटर बदलला होता. त्यांनी स्कॅनर लावला, पण दोष एकही दिसेना.

“वहिनी, घरी किती वेळ चालू ठेवली होती?”

“छे! धडधडली की लगेच बंद करते.”

“मग ती शिकणार कधी?” ते हसले. “नवा मेंदू आहे. उभ्या गाडीत इंजिनाने हवा किती घ्यायची, ते त्याला दहा मिनिटांत आपलं आपण उमगतं. तुम्ही दर वेळी आधीच शाळा सोडताय. करा चालू. आणि हात मांडीखाली.”

ती हातांवर बसली. इंजिन गचके खात होतं, आरशातला बाळाचा चेहरा थरथरत होता. सातव्या मिनिटाला घाटातल्यासारखाच आचका बसला. तिने डोळे गच्च मिटले, पण हात काढले नाहीत.

मग काहीच ऐकू येईना. फक्त मागून बाळाचा संथ श्वास.

“बंद पडली!” ती किंचाळली.

“चालू आहे, वहिनी. काटा बघा.”

इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा आठशेवर निवांत उभा होता. तिच्या किंचाळण्याने दचकून उठलेलं बाळ तेवढं रडत होतं.