डाव्या हाताची जागा

कोथिंबीर निवडता निवडता खालच्या मजल्यावरच्या शेवडेवहिनी गुणगुणत होत्या. दार उघडंच होतं. जिना चढणारे देवस्थळी ती धून ऐकून थबकले. ती त्यांचीच होती. निवृत्तीनंतर पियानो शिकायला लागल्यापासून ते रोज सकाळी तीच वाजवत. मधल्या एका जागी मात्र वहिनींचा सूर अडखळला आणि फरपटत पुढे गेला.

देवस्थळींचे कान तापले. त्यांच्या डाव्या हाताला ती जागा कधीच जमली नव्हती. चूक झाकायला ते पेडल दाबून सगळे सूर एकमेकांत कालवून टाकत आणि घाईने पुढे सरकत. कुणाला काय कळतंय, असं वाटायचं. वहिनींनी तर ती लबाडीसुद्धा मन लावून पाठ केली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पेडलवरचा पाय खुर्चीखाली दुमडून घेतला. फक्त ती जागा, फक्त डावा हात, अगदी सावकाश. तेही लाजेने खिडकी लावून. जमू लागलं तसा उजवा हात सोबत घेतला. मग एका सकाळी खिडकी उघडून त्यांनी पूर्ण धून वाजवली, कुठेही न अडखळता.

खालून हाक आली, "भाऊजी, आज मध्येच चुकलात का हो?"

खिडकी पुन्हा लावून घ्यावी, असं त्यांना क्षणभर वाटलं.

"आज नाही, वहिनी," ते कसेबसे म्हणाले. "इतके दिवस चुकत होतो."

वहिनी खिडकीतून वर डोकावल्या.

"मग परत वाजवा," वहिनी म्हणाल्या. "मला आता नव्याने बसवायला हवी."