कपातला चमचा

साखरेच्या डब्याला हात लावण्याआधी पोलिसातल्या विब्केने विचारलं, "उघडू का, मावशी?"

"न्यायाधीशाचा कागद आणलायस ना? मग विचारतेस कशाला! उघड. खडीसाखर आहे. चाखून बघ हवं तर."

टोमा आयलर्स शेगडीकडे तोंड करून उभी होती. हातांना काही काम हवं, म्हणून ती चहा करत होती. एम्डेन बंदरातल्या जहाजदुरुस्ती कारखान्यातून पितळी होकायंत्रं चोरीला गेली होती. तिचा मुलगा हिनर्क तिथेच कामाला. सुट्टीला तो आईकडे यायचा, म्हणून झडती आईच्या घराची. एक जरी यंत्र मिळालं, तर पोराची नोकरी जाणार आणि पोर तुरुंगात. टोमाला आपलं पोर ठाऊक होतं. पण आईच्या सांगण्याला कोण विचारतो?

झडतीला न्यायाधीश हजर नसेल, तर गावातली दोन माणसं साक्षीला लागतात. "कुणाला बोलावू?" विब्केने सकाळी दारातच विचारलं होतं. ती याच गावात वाढलेली. कुणाचं कुणाशी जमत नाही हे पोलीस होण्याआधीपासून तिला पाठ होतं. टोमाने पहिलं नाव टपालवाल्या गेसाचं घेतलं. गेसाला कळलं की संध्याकाळपर्यंत गावाला कळतं. दुसरं नाव मात्र विब्केने पुन्हा विचारून घेतलं.

"हार्म पोपिंगा," टोमा म्हणाली. "त्यांनाच बोलाव. डोळे उघडे ठेवून बसू देत."

हार्मचं घर कुंपणापलीकडेच होतं. नऊ वर्षांपूर्वी याच टेबलाशी चहा पिता पिता तो म्हणाला होता, की वडिलांचं चांदीचं घड्याळ गेलं, आणि त्या दिवशी आपल्या घरात फक्त हिनर्क आला होता, खिडकी दुरुस्त करायला. या भागात पाहुण्याला तीन कप पाजल्याशिवाय सोडत नाहीत. पुरे असेल तर पाहुणा चमचा कपात ठेवतो. हार्मने दुसऱ्या कपानंतरच चमचा टाकला, उठला आणि तडक तक्रार नोंदवून आला. सिद्ध काहीच झालं नाही. पण हिनर्क गाव सोडून एम्डेनला राहायला गेला, आणि दोन घरांमधलं झुडपांचं कुंपण कुणी छाटेनासं झालं.

आज रीत म्हणून टोमाने दोन्ही साक्षीदारांपुढे कप मांडले. गेसाचा भरला. हार्मचा रिकामाच, आणि आत चमचा. गेसाने ते पाहिलं आणि आपला चहा घाईघाईने संपवला.

साक्षीदाराने बघायचं असतं, हार्म बघत होता. एका खणातून हिनर्कचे लहानपणीचे लोकरी मोजे निघाले. दुसऱ्यातून टोमाच्या नवऱ्याचा चष्मा. प्रत्येक खण रिकामा झाला की टोमा मान ताठ करून हार्मकडे बघायची.

"वाईट वाटून घेऊ नका, मावशी," विब्के कपाट लावत म्हणाली. "कारखान्यात चाळीस माणसं आहेत. पण जुनी तक्रार एकट्या हिनर्कच्याच नावावर निघाली. ती घड्याळाची. म्हणून पहिला नंबर इथे लागला."

हार्मने टेबलाची कड घट्ट धरली.

माळ्यावरून विब्केचा सहकारी हात झटकत खाली आला. तिथेही काही नव्हतं. टोमा सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीत बसली.

"आता तसं लिहून दे," ती म्हणाली. "काही सापडलं नाही तर तसा कागद मागायचा माझा हक्क आहे. वाचलंय मी. आणि शिक्का विसरू नकोस."

विब्केने लिहिलं, 'झडतीत संशयास्पद काहीही सापडले नाही.' गेसाने सही केली. हार्मने पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"विब्के, यावर तारखा दोन टाक," तो म्हणाला. "आजची, आणि नऊ वर्षांपूर्वीची."

त्याने आतल्या खिशातून चांदीचं घड्याळ काढून रिकाम्या कपाशेजारी ठेवलं. ते चालू होतं.

"रविवारच्या कोटाच्या अस्तरात गेलं होतं. खिसा उसवलेला. सात वर्षं झाली सापडून. रोज म्हणायचो, उद्या सांगू. जप्त करायचं असेल तर हे कर."

"त्याला वेगळा कागद लागतो, काका," विब्के हळूच म्हणाली आणि तिने कोरा कागद काढला.

टोमाला राग आला. सात वर्षं! सात नाताळ तिचा मुलगा चोरासारखा मागच्या दाराने घरी आला होता. तिने हार्मकडे पाहिलं. त्याने घड्याळ तिच्या बाजूला सरकवलं.

"हे हिनर्कला तुम्ही सांगायचं," ती म्हणाली. "फोनवर. आत्ता, माझ्यासमोर."

"सांगतो, वहिनी."

टोमाने फोन लावून स्पीकर चालू केला. हार्मने सगळं सांगितलं. मग पलीकडून हिनर्कचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"काका, ती खिडकी अजून नीट लागते ना?"

"लागते रे," हार्म म्हणाला.

टोमाने त्याच्या कपातला चमचा काढून बशीत ठेवला. खडीसाखरेचा खडा टाकला आणि वरून कढत चहा ओतला. खडा तडकला.

"त्या दिवशी तुमचे दोनच झाले होते, भावजी," ती म्हणाली.