बाबांच्या झाडाची कॉफी

वसुधाने पहिला घोट घेतला आणि तिच्या मानेवर कोयता बसला. तोंडात रक्ताची चव आली. समोर काका पुन्हा कोयता उगारत होता.

ती किंचाळली. मानेवर जखम नव्हती. ती बाबांची शेवटची आठवण होती.

चिखलदऱ्याच्या त्यांच्या मळ्यात तीन पिढ्या मेलेल्या माणसाला पुरून त्यावर कॉफीचं झाड लावत आणि त्याच्या आठवणी बियांत उतरत. बाबांना अस्वलाने फाडलं, असं काका सांगे. त्यांचं झाड त्याने रोगाच्या नावाखाली जाळलं, पण वसुधाने आधीच मूठभर फळं तोडली होती.

वासाने काका आत आला. "कोणाच्या झाडाची गं?"

"बाबांच्या."

तिने उकळती किटली त्याच्या तोंडावर फेकली. तो कोसळला. तिने खुंटीवरचा कोयता काढला.

"तुमच्यावर झाड लावणार नाही, काका."