मिटिंगच्या वेळेला

“संघपाल, तुह्या प्रीतीचं साक्षगंध झालं,” भगवंतराव म्हणाले. “आत्ताच. तुह्या घरी.”

मिटिंग संपली होती. दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं चहा पिऊन आदिलाबादच्या उन्हात पांगली होती. संघपाल खुर्च्या एकावर एक रचत होता. त्याच्या हातातली खुर्ची हातातच राहिली.

लेकीचा साखरपुडा, तोही आपल्या माघारी? त्याला खरं वाटेना. सकाळी प्रतिभानं, त्याच्या बायकोनं, शर्ट इस्त्री करून दिला होता. “आजची मिटिंग चुकवू नका,” असं बजावलं होतं. इचोड्याच्या बसस्टँडपर्यंत ती स्वतः सोडायला आली. बस सुटेपर्यंत उन्हात उभी राहिली. बाई आता कुठं आपल्यावर विश्वास टाकायला लागली, असं त्याला वाटलं. बसमध्ये तो तेवढ्यावर खूश होता.

ती उभी होती ते तो गेल्याची खात्री करायला.

भगवंतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते निवृत्त बस ड्रायव्हर. एकेकाळी स्वतः रस्त्याच्या कडेला पडून राहिलेले. त्यांनीच संघपालला इचोड्याच्या दारूच्या दुकानासमोरून उचलून पहिल्यांदा इथं आणलं होतं.

“पाहुणे अजून जेवून राह्यले असतीन. जा. मी येऊ का संगं?”

“नाही. मी एकटाच जातो.”

इचोड्यात तो उतरला तेव्हा दुकान उघडंच होतं. मागच्या उन्हाळ्यात किनवटचे पाहुणे प्रीतीला पाहायला आले, तेव्हा तो इथूनच घरी गेला होता. पाहुण्यांसमोर बुद्धवंदनेला उभा राहिला आणि मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील म्हणता म्हणता कोसळला. पाहुण्यांनी चहालाही हात लावला नाही. निमूट उठून गेले.

पण त्यानंतर त्यानं सोडली होती. पोळ्यापासून एक घोट नाही. हात थरथरायचे, झोप उडायची, तरी नाही. हे सगळं घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहिलं होतं, आणि तरीही.

तो दुकानासमोर थांबला. तोंडाला पाणी सुटलं. पण आज त्याला भांडायचं होतं, आणि पिऊन भांडणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तो घराकडं वळला.

अंगणात मांडव होता. पंगत उठत होती, प्रतिभाचे भाऊ पत्रावळ्या उचलत होते. तो दिसताच घरच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. निळ्या साडीतली प्रीती जागच्या जागी थिजली. प्रतिभा लगबगीनं पुढं आली, अगदी जवळ उभी राहिली. तिच्या नाकपुड्या हलल्या.

“वास घे,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “नीट घे.”

तिनं मान खाली घातली. तेवढ्यात नवरदेवाचे वडील हात पुसत आले.

“जय भीम, व्याहीबुवा! हैदराबादची ड्यूटी लवकर सुटली का?”

संघपालनं बायकोकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याच्या एका शब्दानं तिचं खोटं उघडं पडलं असतं.

“जय भीम,” तो म्हणाला. “हो. लवकर सुटली.”

मग त्यानं पाहुण्यांना पान दिलं. आग्रह केला, हात जोडले, जीपपर्यंत पोचवायला गेला. जीप वळणाआड गेली तसा तो घरात शिरला आणि त्यानं दार लावून घेतलं.

“मी जिता असून माह्या पोरीचं साक्षगंध माह्यामागं? काऊन?”

“किनवटवाले कसे उठून गेले, आठोते का तुमाले?” प्रतिभा रडत म्हणाली. “हे बी गेले असते तं?”

“मी सोडली ना! दर रविवारी मिटिंगले जाऊन राह्यलो ना!”

“म्हनूनच रविवार धरला,” ती म्हणाली.

तो भिंतीला टेकून खाली बसला. ज्या मिटिंगच्या जोरावर तो पुन्हा माणसात आला होता, तिचाच उपयोग करून घरानं त्याला बाहेर ठेवलं होतं. बायकोनं फसवलं. मेहुण्यांनी फसवलं. जेवायला आलेल्या शेजाऱ्यांनाही ठाऊक होतं. त्याला रडू फुटलं.

“साऱ्यायनं फसवलं मले. एक भगवंतराव तेवढा माणूस निघाला. परका असून त्यानं सांगतलं.”

प्रीती दाराशी उभी होती. ती आली आणि बापाशेजारी जमिनीवर बसली. त्याचा हात तिनं आपल्या हातात घेतला.

“काकाले मीच फोन करून सांगाले लावलं, बाबा. तुमी यावं, असं मले लय वाटत होतं,” ती म्हणाली. “पन अंगठी घालून झाल्यावर.”