उंची वाढवा

चिकित्सक बुद्धी हाच शिक्षणाचा कणा आहे, असं तपासणीला आलेल्या साहेबांनी पाठीशी उशी घेऊन सांगितलं. बाईंची नोकरी कायम होणार की नाही, हे आजच्या तासावर आणि साहेबांच्या सहीवर अवलंबून होतं. बाईंनी स्वतःच रचलेलं एक खोटं वेबपेज पडद्यावर लावलं : ‘रोज उलटं चाला, उंची वाढवा!’

मुलांनी त्याच्या पार चिंध्या केल्या.

“बाई, लिहिणाऱ्याचं नावच नाही!”

“तारीख नाही!”

“आणि खाली टॉनिकची जाहिरात! म्हणजे झालंच की!”

साहेब खूश. “वा बाई, काय पोरं तयार केलीत!” मग पेनाचं टोपण काढता काढता आवाज खाली आणून म्हणाले, “ती लिंक तेवढी मला पाठवा. आमचे धाकटे चिरंजीव वाढायचं नावच घेईनात.”

सही अजून व्हायची होती.


बाईंनी लिंक पाठवली.