ओढ्याकाठची माती

सोनाबाई साडी गुडघ्यापर्यंत खोचून चिखल तुडवत होती. मधेच मूठभर भुसकट टाकायची, पाणी शिंपडायची आणि पुन्हा गोल फिरायला लागायची. तिनं तुडवलेल्या चिखलाचे गोळे उचलून धोंडप्पा गवंडी भिंतीचा थर चढवत होता. सिमेंटचं घर आवाक्यात नव्हतं, म्हणून मंगळवेढ्याच्या रस्त्याकडेच्या आपल्याच रानात मातीच्या दोन खोल्या घालायच्या, असं नवरा-बायकोनं ठरवलं होतं. भिंत कमरेच्या वर आली होती.

तिचा नवरा कोंडीबा ओढ्याच्या काठाला माती खणत होता. काळ्या रानाची माती वाळली की फाटते. भिंतीला चालते ती काठावरची पांढरी. तिथं कधी नांगर गेला नव्हता. सकाळी एक चपटा धोंडा आडवा आला, तो त्यानं पहारीनं उचकटून बाजूला लोटला आणि खणत राहिला. धोंड्याखालची माती मऊ होती. घमेल्यामागून घमेली जात होती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा घमेल्यात माती ओढताना त्याला काळे मणी दिसले.

त्यानं बोटांनी माती चाळली. दोरा कुजून गेला होता. काळे मणी आणि त्यात एक चांदीचा, चेपलेला. तान्ह्या बाळाच्या मनगट्या. कोंडीबा तसाच खाली बसला. त्यांची पहिली मुलगी, दात यायच्या आधीच तापानं गेलेली. फडक्यात गुंडाळलेलं ते हलकं ओझं, हाच काठ, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर ठेवलेला धोंडा. सकाळी तोच धोंडा त्यानंच लोटला होता आणि त्याला काहीसुद्धा आठवलं नव्हतं.

खड्ड्यात दुसरं काही नव्हतं. सगळी मातीच झाली होती, आणि ती सकाळपासून त्यानंच वाहून नेली होती.

मणी मुठीत धरून तो भिंतीपाशी आला.

“भाईर ये,” तो सोनाबाईला म्हणाला.

“का?”

“पाय दुखत्याल तुझं.”

“आज बरं सुचलं,” ती म्हणाली आणि तुडवत राहिली. तिची टाच चिखलात दाबली जायची, वर यायची, पुन्हा दाबली जायची. कोंडीबाला बघवेना.

“अगं, भाईर ये म्हनतो न्हवं.”

आवाज असा निघाला की भिंतीवरच्या धोंडप्पानंही मान वळवली. सोनाबाई थांबली. “काय झालं? इच्चू चावला का?”

त्यानं मूठ उघडली.

तिनं पदराला हात पुसला. एक मणी चिमटीत धरला, फिरवून पाहिला. ते मणी तिनंच ओवले होते.

“कुटं घावलं?”

“तितं. माती काढतोय तितं.”

“ती तर लिंबाखाली हाय.”

पुरायला बायका गेल्या नव्हत्या. पुढं कधीतरी तिनं जागा विचारली, तेव्हा कोंडीबानं बांधावरच्या लिंबाकडं बोट दाखवलं होतं. त्या दिवशी आपण कुठं थांबलो, कुठं खणलं, हे त्याला धड आठवत नव्हतं. पण तसं सांगायचं कसं? नंतर नंतर त्यालाही ते खरंच वाटायला लागलं. दर दिवाळीला ती त्या लिंबाच्या बुडात वाटीभर दूध घालायची, आणि तो लांब उभा राहून बघायचा.

“मी चुकलो,” तो म्हणाला. “मला जागा ध्येनात ऱ्हायली न्हाई.”

“मग इतकी वर्सं मी झाडाला दूद घालत आले व्हय?”

तिनं आवाज चढवला नाही. खाली आपल्या पायांकडं पाहिलं. ते घोट्याच्या वर चिखलात होते.

धोंडप्पाला सगळं कळलं होतं. तो भिंतीवरून उतरला, जरा लांबच थांबला. “अक्का, थर अजून वला हाय. म्हनत असला तर पाडू की. दुसऱ्या अंगाची माती घिऊ.”

“पाडतोच,” कोंडीबा म्हणाला. “समदी माती परत निऊन घालतो. एक ढेकूळ ठिवत न्हाई हितं.” त्यानं कुदळ उचलली आणि भिंतीवर उगारली.

“थांबा,” सोनाबाई म्हणाली.

तो थांबला.

“पुन्यांदा कुटं टाकून येताय तिला?”

कुदळ हळूहळू खाली आली.

सोनाबाईनं एक पाय उचलला, मग दुसरा, आणि ती कडेला आली. कळशीतल्या पाण्यानं तिनं पाय धुतले. ते पाणी चिखलातच जाईल अशा बेतानं ओतलं. मग उकिडवी बसली आणि कोपरापर्यंत हात घालून चिखल मळायला लागली. भाकरीचं पीठ मळावं तसा, तळव्यानं रेटत, पुन्हा गोळा करत.

“आता हिला पायानं न्हाई तुडवायचं,” ती धोंडप्पाला म्हणाली. त्यानं मान हलवली. पहिला गोळा त्यानं दोन्ही हातांनी उचलून नेला आणि थरावर अलगद बसवला.

कोंडीबा तिच्या समोर येऊन बसला. चिखलाला हात लावायचं मात्र त्याला धाडस होईना.

“नाव तरी ध्येनात हाय का तिचं?” तिनं मान वर न करता विचारलं.

“चेतना,” तो म्हणाला. ती गेल्यापासून ते नाव त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

सोनाबाईचे हात क्षणभर थांबले. तिनं कळशी त्याच्याकडं सरकवली.

“हात धुऊन घ्या आदी,” ती म्हणाली.