पुढच्या फाइलवर चालव

घशाच्या ऑपरेशननंतर आई लॅपटॉपवर टाइप करूनच बोलायची. रोजच्या बोलण्याची एक फाइल. वर्षश्राद्धाला ते सगळं एकत्र छापायचं म्हणून रक्षितानं आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम लिहिला. पहिल्याच फाइलवर एरर आली. "स्वल्प, जरासं बघ की, अण्णा." बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतून आलेल्या इंजिनिअर भावानं मोबाइलमधून मान वर केली नाही. "आयतं मिळालं की डोकं चालत नाही तुझं. पुढच्या फाइलवर चालव." तिनं चालवला, मग एकेक करत सगळ्यांवर. तीच एरर. शेवटी त्यानं उठून हसत एक अक्षर बदललं. एरर गेली. स्क्रीन कोरीच. "वाचायची फाइल लिहायला उघडलीस की गं! तसं उघडलं की आतलं पुसलं जातं. कॉपी आहे ना?" तिनं मानेनंच नाही म्हटलं. "एवढं काय होतं त्यात?" "शेवटच्या फाइलला तुझं नाव होतं. तुझ्याआधी नको म्हणून वाचली नव्हती."